पॅडेल : भिंतीच्या साथीने रंगणारा खेळ

टेनिसच्या कोर्टवर चेंडू खेळाडूला चकवून मागे गेला की तो गुण संपतो. प्रेक्षक टाळ्या वाजवतात आणि पराभूत खेळाडू पुढच्या सर्व्हिसच्या तयारीला लागतो. पॅडेलमध्ये मात्र अनेकदा खरी चुरस तेथूनच सुरू होते. मागे गेलेला चेंडू काचेच्या भिंतीवर आदळून परत येतो आणि हुकलेला फटका मारण्याची दुसरी संधी खेळाडूला मिळते. या दुसऱ्या संधीमुळेच हा खेळ नवख्याला लवकर जमतो आणि जाणकाराला वर्षानुवर्षे गुंतवून ठेवतो.

मुंबई, पुणे, गोवा, दिल्ली, बेंगळुरू अशा ठिकाणी गेल्या काही वर्षांत पारदर्शक भिंतींची ही कोर्ट दिसू लागली आहेत. रस्त्यावरून जाणाऱ्या कुणाला ते काचेच्या पेटीतील टेनिस वाटते, तर कुणाला स्क्वॉशचा नवा अवतार. प्रत्यक्षात पॅडेलने या दोन्ही खेळांकडून थोडेथोडे घेतले आहे. गुणमोजणी टेनिसची आणि भिंत स्क्वॉशची. मात्र या दोहोंच्या मिलाफातून तयार झालेला खेळ स्वतंत्र आहे. त्याची स्वतःची परिभाषा आहे, स्वतःचे डावपेच आहेत आणि अर्धशतकाहून अधिक काळाचा इतिहासही आहे.

अपुऱ्या जागेतून जन्म

पॅडेलचा जन्म १९६९ साली मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्यावरील अकापुल्को या शहरात झाला. एन्रिके कोर्कुएरा या धनिक गृहस्थांना आपल्या निवासस्थानी टेनिससारखा खेळ खेळायचा होता, पण टेनिस कोर्टाला पुरेल एवढी जागा नव्हती. तेव्हा त्यांनी २० मीटर लांब आणि १० मीटर रुंद असे छोटे कोर्ट आखले आणि चेंडू आवाराबाहेर जाऊ नये म्हणून त्याला भिंती घातल्या. चेंडू अडवण्यासाठी बांधलेल्या या भिंती पाहता पाहता खेळाचाच भाग बनल्या. कोर्कुएरा यांचा हा खेळ ‘पॅडल कोर्कुएरा’ या नावाने ओळखला जाऊ लागला. इंग्रजीतील ‘पॅडल’ या शब्दाचे स्पॅनिश वळणाचे रूप पुढे रूढ झाले आणि त्यातूनच आजचे ‘पॅडेल’ हे नाव आले.

कोर्कुएरा यांचे मित्र प्रिन्स अल्फोन्सो दे होएनलोहे हे १९७४ साली अकापुल्कोला आले असता त्यांना या खेळाने भुरळ घातली. स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावरील मार्बेया येथे त्यांचा प्रसिद्ध क्लब होता. तेथे परतताच त्यांनी पॅडेलची दोन कोर्ट बांधून घेतली. १९६६ चे विम्बल्डन विजेते, स्पेनचे टेनिसपटू मानुएल सांताना यांनीही या खेळाच्या प्रसाराला हातभार लावला. पुढच्याच वर्षी हुलिओ मेंदितेगी यांनी तो अर्जेंटिनात नेला. स्पेनमध्ये बराच काळ उच्चभ्रूंच्या क्लबांपुरता राहिलेला हा खेळ अर्जेंटिनात मात्र झपाट्याने मध्यमवर्गाच्या वस्त्यांत पोहोचला. आजही जागतिक पॅडेलवर प्रामुख्याने याच दोन देशांची हुकमत आहे.

काच आणि जाळीचा पिंजरा

पॅडेलचे प्रमाणित कोर्ट आजही कोर्कुएरा यांच्या मूळ मापाचेच, म्हणजे २० मीटर बाय १० मीटरचे असते. आजूबाजूची मोकळी जागा धरली तर टेनिसच्या एका कोर्टाला याच्या तिपटीहून अधिक जागा लागते. मध्यभागी नेट असते. त्याची उंची मध्यावर ८८ सेंटिमीटर आणि दोन्ही टोकांना जास्तीत जास्त ९२ सेंटिमीटर असते. नेटपासून ६.९५ मीटर अंतरावर दोन्ही बाजूंना सर्व्हिसची रेषा आखलेली असते आणि तिच्यामागे भिंतीपर्यंत जेमतेम तीन मीटरची पट्टी उरते.

दोन्ही टोकांच्या मागील भिंती ३ मीटर उंच असतात आणि त्यांच्यावर आणखी १ मीटर जाळी असते. दोन्ही बाजूंनाही कोपऱ्याकडील चार मीटरपर्यंत भिंत येते. तिचे पहिले दोन मीटर ३ मीटर उंच, तर पुढचे दोन मीटर सामान्यतः पायरीसारखे खाली उतरून २ मीटर उंच असतात. उरलेल्या मधल्या भागात धातूची जाळी असते आणि तेथेच, नेटच्या जवळ, ये-जा करण्याचे दरवाजे असतात. पूर्वी भिंती काँक्रीटच्या असत. आता बहुतेक ठिकाणी कडक केलेली जाड काच वापरली जाते. त्यामुळे प्रेक्षकांना चारही बाजूंनी सामना पाहता येतो आणि दूरचित्रवाणीवरही खेळ उठून दिसतो. जमिनीवर सहसा कृत्रिम हिरवळ अंथरून तिच्यात बारीक वाळू पसरलेली असते.

काच आणि जाळी यांतला फरक नवख्याने प्रथम ध्यानात घ्यावा. काचेवरून चेंडू ठरावीक कोनात आणि भरवशाने परततो. कॅरममध्ये काठावर आपटून येणाऱ्या सोंगटीचा अंदाज ज्याला आहे, त्याला हे गणित चटकन उमगेल. जाळीवर आदळलेला चेंडू मात्र कधी जागीच मरतो, तर कधी भलतीकडेच उसळतो.

तारांविना रॅकेट

पॅडेलच्या रॅकेटला तारा नसतात. मऊ फोमसारख्या गाभ्यावर काचतंतू किंवा कार्बनतंतूचे आवरण असलेली ही भरीव फळीच असते आणि तिला गोल छिद्रे पाडलेली असतात. नियमानुसार तिची लांबी ४५.५ सेंटिमीटरपेक्षा, रुंदी २६ सेंटिमीटरपेक्षा आणि जाडी ३८ मिलिमीटरपेक्षा अधिक असता कामा नये. मुठीला जोडलेली दोरी मनगटात अडकवणे सक्तीचे आहे. चार खेळाडू इतक्या जवळ वावरत असताना हातातून निसटलेली रॅकेट घातक ठरू शकते, हे त्यामागचे कारण.

आखूड दांडी आणि हलके वजन यांमुळे चेंडू हाताच्या जवळच लागतो आणि पहिल्याच दिवशी तो नेटपलीकडे धाडता येतो. टेनिस शिकताना पहिले काही आठवडे चेंडू वेचण्यात जातात; येथे तो अनुभव क्वचितच येतो. चेंडू दिसायला टेनिसचाच असला तरी त्याच्या आतील हवेचा दाब किंचित कमी असतो. त्यामुळे तो थोडा संथ राहतो आणि भिंतीवरून आल्यावर खेळण्याजोगा वेळ मिळतो.

सर्व्हिस कमरेखालून

पॅडेल हा मूलतः दुहेरीचा खेळ आहे. एकेरीसाठी अरुंद कोर्टही असतात, परंतु प्रमुख स्पर्धा दुहेरीच्याच होतात. गुणमोजणी टेनिसप्रमाणेच १५, ३०, ४० आणि गेम अशी चालते. सहा गेमचा सेट, ६-६ अशी बरोबरी झाल्यास टायब्रेकर आणि तीनपैकी दोन सेट जिंकणारी जोडी विजयी. ४०-४० नंतर सलग दोन गुणांची आघाडी लागते. काही स्पर्धांत मात्र तेथे एकच निर्णायक ‘सुवर्ण गुण’ खेळवला जातो आणि सर्व्हिस कोणत्या बाजूला घ्यायची हे ती परतवणारी जोडी ठरवते.

सर्व्हिस करण्याची पद्धत टेनिसहून अगदी वेगळी आहे. खेळाडूने सर्व्हिसच्या रेषेमागे उभे राहून चेंडूचा एक टप्पा जमिनीवर पाडायचा आणि मग तो कमरेच्या उंचीवर किंवा त्याखाली असतानाच टोलवायचा असतो. त्या वेळी किमान एक पाय जमिनीला टेकलेला असावा लागतो. चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या तिरक्या समोरील चौकटीतच पडला पाहिजे. टेनिसप्रमाणेच दोन संधी मिळतात. चौकटीत टप्पा पडल्यावर चेंडू काचेला लागला तर सर्व्हिस वैध असते, पण दुसरा टप्पा पडण्याआधी तो बाजूच्या जाळीला लागला तर ती बाद ठरते. सर्व्हिस टप्प्याविना, म्हणजे व्हॉलीने, परतवता येत नाही.

या नियमांमुळे बिनतोड सर्व्हिसवर सामने जिंकण्याची शक्यता जवळजवळ उरत नाही. येथे सर्व्हिसचा उपयोग एवढाच, की ती करून खेळाडूने पुढे धावावे आणि साथीदारासह नेटचा ताबा घ्यावा. उंच, बलदंड खेळाडूला टेनिसमध्ये मिळणारा पहिला मोठा लाभ पॅडेलने असा काढून घेतला आहे.

भिंतीचे नियम

भिंतीचे नियम ऐकताना किचकट वाटतात, पण त्यांच्या मुळाशी एकच सूत्र आहे. चेंडू आधी जमिनीला लागला पाहिजे, भिंतीला नंतर. प्रतिस्पर्ध्याच्या बाजूला मारलेला चेंडू टप्पा न पडता थेट तिकडच्या भिंतीवर किंवा जाळीवर आदळला, तर फटका मारणाऱ्याने गुण गमावला. एकदा टप्पा पडला की मात्र चेंडू मागच्या काचेला लागो, बाजूच्या काचेला लागो किंवा कोपऱ्यात दोन्हींना लागो. जमिनीवर दुसरा टप्पा पडेपर्यंत तो जिवंत असतो.

याहून गमतीचा नियम आपल्या बाजूच्या काचेबाबत आहे. फारच मागे सापडलेला खेळाडू पाठमोरा होऊन चेंडू स्वतःच्याच मागील काचेवर मारू शकतो आणि तेथून तो नेटपलीकडे पाठवू शकतो. ही मुभा काचेपुरतीच आहे. आपल्या बाजूच्या जाळीवर मारून चेंडू परतवता येत नाही.

कधी कधी जोरदार स्मॅश प्रतिस्पर्ध्याच्या कोर्टात टप्पा घेऊन, मागच्या काचेवर आदळून पुन्हा नेट ओलांडतो. कोणाचाही स्पर्श न होता तो मारणाऱ्याच्याच बाजूला परतला, तर गुण मारणाऱ्याला मिळतो. टप्पा घेऊन चेंडू कुंपणावरून कोर्टाबाहेर गेला तरीही बहुधा तसेच घडते. मात्र बाहेर पुरेशी मोकळी जागा असेल तेथे खेळाडूला दरवाजातून धावत जाऊन, दुसरा टप्पा पडण्यापूर्वी तो चेंडू बाहेरूनच परत आत मारण्याची परवानगी असते. हे दृश्य पाहण्यासाठीच अनेक प्रेक्षक या खेळाचे चाहते झाले आहेत.

नेटसाठीची झुंज

पॅडेलमधील बहुतेक गुण नेटजवळ उभी असलेली जोडी जिंकते. त्यामुळे मागे असलेल्या जोडीची सारी धडपड समोरच्यांना मागे हटवण्यासाठी चाललेली असते. त्यासाठीचे मुख्य अस्त्र म्हणजे लॉब. टेनिसमध्ये नाइलाजाचा मानला जाणारा हा उंच फटका पॅडेलमध्ये आक्रमणाची पहिली पायरी ठरतो. प्रतिस्पर्ध्यांच्या डोक्यावरून जाऊन मागच्या काचेजवळ उतरणारा लॉब त्यांना माघार घ्यायला लावतो आणि क्षणार्धात दोन्ही जोड्यांच्या जागांची अदलाबदल होते.

या लॉबला मिळालेल्या उत्तरांतून या खेळाचे खास फटके निर्माण झाले. त्यांची नावेही स्पॅनिशच आहेत. ‘बांदेखा’ म्हणजे तबक. तबक खांद्याशी धरावे तशी रॅकेट उचलून, चेंडूला खालून फिरकी देत हा फटका मारतात. गुण संपवणे हा त्याचा हेतू नसतो. नेटवरची जागा न सोडता चेंडू खोलवर पाठवणे हा असतो. ‘व्हीबोरा’ म्हणजे फुरसे. हा त्याहून वेगवान आणि आडव्या फिरकीचा फटका काचेवर आदळल्यावर खाली राहून निसटतो. नेटवरील खेळाडूंच्या पायांशी अलगद उतरवलेल्या चेंडूला ‘चिकिता’ म्हणतात. संपूर्ण ताकदीचा स्मॅशही आहेच, पण तो चुकीच्या वेळी मारला तर भिंत तोच चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हाती आयता आणून देते.

टेनिसमधून आलेल्या खेळाडूची पंचाईत येथेच होते. जोरात मारण्याची सवय त्याला नडते. चेंडू अंगावर आला की तो तत्काळ टोलवण्याकडे त्याचा कल असतो, तर पॅडेलचा प्रशिक्षक त्याला पहिला धडा देतो तो चेंडू जाऊ देण्याचा. आधी वळायचे, चेंडूसोबत भिंतीकडे जायचे, तो परतेपर्यंत थांबायचे आणि मग मारायचे. कोठे थांबायचे हे कळणे, हीच या खेळातील प्रगतीची खूण मानली जाते.

या गुणामुळेच वडील आणि मुलगी, साठीचे गृहस्थ आणि पंचविशीचा तरुण, नवखा आणि सरावलेला अशा विजोड वाटणाऱ्या जोड्याही येथे रंगतदार सामना खेळू शकतात. अर्जेंटिनाचा फर्नांडो बेलास्तेगीन २००२ ते २०१७ अशी सलग १६ वर्षे जागतिक क्रमवारीत अव्वल होता. त्यांतली बहुतांश वर्षे हुआन मार्टिन डियाझ त्याचा जोडीदार होता. २०२४ साली निवृत्त झाला तेव्हा बेलास्तेगीनचे वय ४५ होते. निव्वळ ताकदीवर चालणाऱ्या खेळात इतकी दीर्घ कारकीर्द क्वचितच पाहायला मिळते.

क्लबपासून जागतिक स्पर्धांपर्यंत

आंतरराष्ट्रीय पॅडेल महासंघाची स्थापना १९९१ साली झाली. अर्जेंटिना, स्पेन आणि उरुग्वे हे त्याचे संस्थापक देश. पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९९२ मध्ये स्पेनमध्ये झाली. २०२४ साली दोहा येथे झालेल्या स्पर्धेत पुरुषांचे विजेतेपद अर्जेंटिनाने, तर महिलांचे स्पेनने मिळवले. व्यावसायिक खेळाडूंसाठी २०१३ पासून ‘वर्ल्ड पॅडेल टूर’ ही मालिका होती. २०२२ मध्ये कतारच्या गुंतवणुकीतून ‘प्रीमियर पॅडेल’ ही नवी मालिका उभी राहिली आणि दोन्हींतील संघर्ष मिटून २०२४ पासून प्रीमियर पॅडेल हीच प्रमुख मालिका झाली. स्पेनचा डावखुरा आर्तुरो कोएयो आणि अर्जेंटिनाचा आगुस्तिन तापिया या जोडीने २०२३ पासून पुरुष गटावर छाप पाडली आहे.

२०२३ साली पोलंडमध्ये झालेल्या युरोपीय क्रीडा स्पर्धेत पॅडेलचा प्रथमच समावेश झाला. ऑलिंपिकचे दार मात्र अद्याप उघडलेले नाही. भिंतीचा दुसरा खेळ असलेला स्क्वॉश अनेक दशकांच्या प्रयत्नांनंतर २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये दाखल होत आहे. पॅडेलला त्या यादीत स्थान मिळालेले नाही.

आपल्याकडे पॅडेलची गल्लत होते ती पिकलबॉलशी. दोन्ही खेळ शहरांत साधारण एकाच सुमारास दिसू लागल्याने हे स्वाभाविकच आहे. पिकलबॉल १९६५ साली अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात सुरू झाला. त्याचे कोर्ट बॅडमिंटनच्या कोर्टाएवढे असते, चेंडू छिद्रे असलेला प्लॅस्टिकचा असतो आणि मुख्य म्हणजे त्याला भिंती नसतात. बॅडमिंटनच्या हॉलमध्ये रेषा आखूनही पिकलबॉल खेळता येतो. पॅडेलला मात्र खास बांधलेले कोर्टच लागते. त्याचा खर्चिकपणा येथूनच सुरू होतो.

लाट आणि ओहोटी

पॅडेलच्या वाढीची कहाणी सरळ चढत्या रेषेची नाही. अर्जेंटिनात १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात या खेळाचे जणू वेड पसरले होते. मिळेल त्या मोकळ्या जागेत कोर्ट बांधली गेली. नंतर तो भर ओसरला आणि कित्येक कोर्ट बंद पडली. स्वीडनने हाच अनुभव अलीकडे घेतला. करोनाच्या काळात, २०२० आणि २०२१ मध्ये, तेथे पॅडेल केंद्रांचे पीक आले. मागणीपेक्षा कोर्ट अधिक झाली आणि पुढील दोन वर्षांत अनेक केंद्रांचे दिवाळे निघाले. दोन्ही देशांत खेळ मात्र संपला नाही. मागे राहिले ते आवडीने खेळणारे; बुडाले ते केवळ नफ्याच्या आशेने उतरलेले.

आपल्या महानगरांनी या अनुभवाकडे दुर्लक्ष करू नये. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत जमीन हीच सर्वांत महाग वस्तू आहे. काच, पोलादी सांगाडा, कृत्रिम हिरवळ आणि प्रकाशझोत यांचा खर्च त्यावर चढतो. पावसाळ्यात उघड्या कोर्टवर काच ओली झाली की चेंडू तिच्यावरून घसरतो आणि भिंतीचे सारे गणित कोलमडते. म्हणजे छप्पर हवे. हा सारा खर्च शेवटी तासाच्या भाड्यातून वसूल होतो. ते भाडे चौघांत विभागले जाते हे खरे; तरीही महापालिकेच्या मैदानावर फुकट खेळणाऱ्या मुलाच्या आवाक्यात ते येत नाही. खेळ शिकायला सोपा असणे आणि खेळायला मिळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. अर्जेंटिनात पॅडेल रुजला तो क्लबबाहेर पडला म्हणून, ही बाब येथे लक्षात ठेवण्याजोगी आहे.

दुसरा प्रश्न आवाजाचा. भरीव रॅकेटवर चेंडू आदळल्याचा ठक्क असा आवाज, काचेचा थरकाप आणि चार खेळाडूंचा आरडाओरडा रात्री उशिरापर्यंत चालला, तर शेजारच्या इमारतींतून तक्रारी येणारच. नेदरलँड्स, ब्रिटन अशा देशांत घरांलगतच्या कोर्टांवरून वाद झाले आहेत. कोर्ट कोठे बांधायचे आणि दिवे किती वाजता मालवायचे, याचा विचार बांधकामाआधीच झालेला बरा.

खेळायला उतरणाऱ्याने आपल्या शरीराचाही विचार करावा. सोपा वाटणारा हा खेळ प्रत्यक्षात सतत वाकणे, वळणे आणि अचानक थांबणे मागतो. कोपर, खांदा, गुडघा आणि पोटरी यांच्यावर ताण येतो. त्यामुळे पुरेसे अंग मोकळे केल्याशिवाय कोर्टवर जाऊ नये. वाळूच्या पृष्ठभागावर पकड राहील असे तळवे असलेले बूट वापरावेत. नेटवर उभे असताना रॅकेट छातीसमोर धरण्याची सवय लावावी, कारण तेथे चेंडू थेट चेहऱ्याकडेही येऊ शकतो. रॅकेट मात्र पहिल्याच दिवशी महागडी घेण्याचे कारण नाही. बहुतेक केंद्रांवर ती भाड्याने मिळते.

एन्रिके कोर्कुएरा यांनी चेंडू बाहेर जाऊ नये म्हणून भिंती बांधल्या आणि त्याच भिंतींनी या खेळाला त्याचे वेगळेपण दिले. आपल्या शहरांत त्या भिंतींच्या आत किती जणांना प्रवेश मिळतो, शाळांमधील मुले आणि साधे नोकरदार तेथपर्यंत पोहोचतात की नाही, यावर पॅडेल येथे खेळ म्हणून रुजतो की चार वर्षांची हौस ठरतो, हे अवलंबून राहील.